देवयानी आणि कुळथाची राखण

सुगंधाला हेवा वाटायला मोठं कारण लागत नसे. शेजारच्या तुळसाच्या काजूला आधी मोहोर आला, तर हिच्या तव्यावरची भाकरी करपायची. जावेच्या अबोलीला फुलं जास्त आली, तर ही आपल्या अबोलीला दोन दिवस पाणी घालत नसे, शिक्षा म्हणून. मालवणच्या किनाऱ्यावरचं माहेर सोडून ती आत, कट्टा बाजारपेठेजवळच्या या गावात नांदायला आली तेव्हापासूनचा हा स्वभाव. गावाला तो पाठ होता आणि तिला त्याची लाज नव्हती.

फक्त नवऱ्याच्या बाबतीत तिला कधी कुणाचा हेवा वाटला नव्हता, कारण बाळा होताच तसा. जेवायला बसताना "मीठ" आणि उठताना "बरां झाला", एवढाच त्याचा संसारातला संवाद. एका गणपतीत ती नवी जांभळी साडी नेसून मुद्दाम त्याच्यासमोर उभी राहिली, तर याने विचारलं होतं, "भात झालो?" असल्या माणसावर कोण डोळा ठेवणार! सुगंधा निर्धास्त होती.

यंदा भातकापणी आटोपल्यावर बाळाने मळ्यात कुळीथ पेरला. गवे यायला लागले म्हणून तो दिवेलागण झाली की राखणीला जाई आणि जेवणाच्या वेळेला परत येई. तक्रारीला जागाच नव्हती. पण एका संध्याकाळी मागच्या पडवीत तो फोनवर बोलताना तिच्या कानावर पडलं.

"होय सर, आज देवयानी बरी दिसतली. काल किती वेळ बघीत रवलंय! बायलेक? नाय नाय, तिका नाय सांगूक."

सुगंधाच्या हातातली कळशी तिथेच राहिली. तिने तडक तुळसाचं अंगण गाठलं.

"गो तुळसा, गावात देवयानी कोण आसा?"

"आपल्यात नाय बा," तुळसा म्हणाली. "पण बँकेत ती नवी बाय इली हा ना, चष्मेवाली? तिचा नाव काय ता माका ठावक नाय."

नाव माहीत नाही, एवढं सुगंधाला पुरेसं होतं. सकाळी ती मळ्यात गेली, तर निम्मा कुळीथ बुडख्यापर्यंत खाल्लेला. राखणदार रोज हजर आणि गवे पोटभर जेवून गेलेले! मग याचे डोळे होते कुठे? त्या दिवशी तिने कुळथाच्या पिठीत मीठ घातलं नाही, आणि त्याने मागितलं तरी दिलं नाही.

संध्याकाळी तो निघाला, तशी तीही बॅटरी घेऊन मागोमाग निघाली. मळ्यातल्या, गवत-अवजारं ठेवायच्या मांगराबाहेर बाळा घोंगडीवर उताणा पडला होता. सुगंधाने आधी मांगरात उजेड मारला. आत कोयता, टोपली आणि गवताचा भारा, दुसरं कुणी नव्हतं.

"खंय आसा ती?"

बाळा धडपडून उठला. "कोण गो?"

"देवयानी! माका सगळा कळला हा."

तो खालच्या आवाजात म्हणाला, "बॅटरी विजव. उजेडात ती दिसाची नाय."

सुगंधाने बॅटरी विझवली. बाळाने शाळेतल्या शौनक सरांकडून मागून आणलेली दुर्बीण तिच्या हातात दिली, खांदे धरून तिला उत्तरेकडे वळवलं आणि मान वर करायला लावली. त्याने तिचे खांदे धरल्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे.

"ह्या काय? चुलीच्या धुरासारखा?"

"ताच. आपली आकाशगंगा आसा ना, तशीच ती दुसरी. भोवऱ्यात पाणी गरगरता तशी गोल फिरलेली. पण ता फोटोत दिसता, डोळ्यांक नाय. हो उजेड पंचवीस लाख वर्सां आदी थंयसून सुटलो गो! आणि आता तुझ्या डोळ्यात शिरता हा."

बाईमाणूस नव्हती तर! सुगंधाला हायसं वाटलं, पण घोटभर पाणी पिण्यापुरतंच. कारण बाळा बोलतच होता. तिथे सूर्य किती, ते लांबून धुरासारखे का दिसतात, ढग आले की त्याला जेवण का गोड लागत नाही. त्याचा आवाज असा मऊ होऊ शकतो, हे तिला माहीतच नव्हतं. हा आवाज इतकी वर्षं घरातच होता, मग तो आपल्या वाट्याला का आला नाही? बँकेतली बाई असती, तर झिंज्या धरून विचारलं असतं. हिला कुठे धरणार? ती मनातून जळत होती.

"माका कित्याक नाय सांगलास?"

"तू हसतलंस म्हणान."

ती हसली असती. दोघांनाही ते माहीत होतं. खालच्या कोपऱ्यात कुळीथ मोडल्याचा आवाज आला. गवा होता. बाळाला तो ऐकूही गेला नाही.

"आणि एक ऐक," तो हरखून म्हणाला. "ती आपल्याकडेच येता हा."

सुगंधाने दुर्बीण खाली घेतली. "कदी?"

"शेकडो कोटी वर्सां लागतली गो."

तिने पदर कमरेला खोचला आणि ती त्याच्या घोंगडीवर बसली. बसली तीही उत्तरेच्या बाजूला, त्याच्या आणि देवयानीच्या मधे.

"येवंदे," ती म्हणाली. "मी हयसरच आसंय."