शेवटच्या मेणबत्तीचा रखवालदार

समस्त ग्रामस्थांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, मेणबत्ती कशी जाळावी हे आपल्यापैकी एकालाही ठाऊक नाही. मलाही ते खोडदच्या एसटी थांब्यावर एका अनोळखी माणसाने शिकवलं.

संध्याकाळी वीज गेलेली, त्या माणसाच्या घराच्या वाटेवर उसात बिबट्या दिसलेला आणि त्या माणसाची लेक नारायणगावहून यायची होती. थांब्याजवळच्या टपरीत एकच मेणबत्ती उरली होती, ती त्याने विकत घेतली होती. मोबाईलची शेवटची बॅटरी त्याने लेकीच्या फोनसाठी राखली होती. तो बसायचा, उठून रस्ता बघायचा, परत येऊन मेणबत्ती विझवायचा, नेलकटरने वात कापून पुन्हा पेटवायचा.

"लांब वात काजळी धरती, मेण बी लई खाती," असं सांगत त्याने मलाच वाऱ्याच्या बाजूला आडोसा म्हणून बसवलं.

"राव, मेणबत्ती हाय, नवरी न्हाई!" टपरीवाला हसला.

"घरापस्तोर पुरली पायजे, भाऊ."

अखेर एसटी आली. लेक उतरली आणि "पप्पा!" म्हणत त्याच्याकडे धावत सुटली. तासभर तिच्यासाठी तळमळणारा तो माणूस ज्योतीला तळहाताचा आडोसा धरून ओरडला, "अगं पळू नको, मेणबत्ती इझंल!"