चौथ्या खाटेवरचा पाय

भाईंदरच्या त्या रुग्णालयाला जोडून नर्सिंग कॉलेज होते. उपचारांबरोबर रुग्णाला पुढे तब्येत सांभाळायला शिकवले जाते का, हे ठरलेल्या निकषांवर तपासायला आम्ही तिघे गेलो होतो. दोघे डॉक्टर, त्यांतले एक समितीचे अध्यक्ष; मी वर्तमानपत्रातला, बाहेरचा सदस्य. अशी तपासणी तेव्हा नवीन होती आणि रुग्णालय सकाळपासून धास्तावलेले होते.

पुरुषांच्या वॉर्डात चौथ्या खाटेवर जवळच्याच किनाऱ्यावरच्या पाली गावचा एक मच्छीमार होता. मधुमेहाने चिघळलेले पायाचे एक बोट काढले होते. जखम पूर्ण भरली नव्हती. पुन्हा काही लागले तर पाऊल काढावे लागेल, असे सर्जनने आम्हाला दारातच सांगितले होते. त्याला दुपारी घरी सोडणार होते.

"घरी काय काळजी घ्याल?" अध्यक्षांनी विचारले.

"पाय रोज धुवायचे. कोरडे करायचे. चप्पल घातल्याबिगर चालायचं न्हाय."

मागे उभ्या विद्यार्थिनी सुटल्यासारख्या हसल्या. अध्यक्षांनी 'पूर्ण' लिहायला पेन उचलले.

मी विचारले, "कामावर कधी?"

"सोमवारी."

"होडीवर चप्पल घालता?"

"होडीवर चप्पल?" त्याला हसू आले. "बापानं दर्यात ढकलला असता. पाय घसरतो, सायेब. चढायचं तं आधी पान्यातच उतराया लागतं."

मेट्रन पुढे आल्या. "सांगायचं ते आम्ही सांगितलंय. आता होडीवर पण आम्हीच जायचं का?"

"निकष माहिती दिल्याचा आहे," अध्यक्ष म्हणाले. "ती दिलेली आहे."

"हा माणूस सोमवारी ही जखम घेऊन खाऱ्या पाण्यात उतरणार आहे," मी म्हणालो. "'पूर्ण' लिहिणार असाल, तर माझी सही नसेल."

अध्यक्षांचे पेन तसेच राहिले. मेट्रन माझ्याकडे नव्हे, विद्यार्थिनींकडे बघत होत्या.

खाटेच्या पायथ्याशी बसलेली त्याची बायको उठली. "मी कवाची बोंबलतेय! याचा भाव म्हनतो, एका बोटाचं काय एवढं? होडी दोघांची हाय ना. बायकोचं कोन आयकतो?"

"तू गप बस," तो म्हणाला.

"न्हाय बसत."

सर्जनने तिच्याकडून भावाचा मोबाइल नंबर घेतला आणि तिथेच उभ्याने लावला. भाऊ किनाऱ्यावर असावा. तो इतक्या मोठ्याने बोलत होता, की आम्हा सगळ्यांना ऐकू येत होते.

"एक बोटच गेलंय ना, डाक्टर? बाकीचा पाय हाय की."

"जखम भरायच्या आत पाण्यात उतरला तर तोही राहणार नाही. पाऊल कापावं लागेल. मलाच."

मच्छीमार फोनकडे बघत होता. आता त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हते.

"मंग नको," भाऊ म्हणाला. "दुसरा खलाशी बघतो मी. त्याला सांगा, जाळी शिवायला बस म्हनावं."