हिरव्या घागऱ्याचे चार मार्क

आता तुम्ही हसणारच, पण माझ्या प्रामाणिकपणानं माझी जी फजिती केली ना, तशी एखाद्या लबाडाचीही होत नसेल!

आमच्या गावच्या शाळेतून दारव्ह्याला तालुक्याच्या नृत्यस्पर्धेसाठी एकच मुलगी जायची होती. निवडायची कोणी? मी! शाळेच्या समितीवर आहे ना. आणि नाचणाऱ्यांत माझी पिंकी. गाव काय म्हणेल?

मी शक्कल लढवली. "पोरींनो, उन्हात जाताना तोंडाले ओढणी गुंडाळतो ना, तशी गुंडाळा. नुसते डोळे दिसले पाहिजे."

हेडमास्तर खूश. "वा ताई! याले म्हणतात न्याय!"

पोरी नाचायला लागल्या, आणि पाहते तर काय, हिरवा घागरा! मीच शिवून सकाळी पिंकीला घालून पाठवलेला. म्हणजे ही पिंकीच. मी मनावर दगड ठेवला आणि तिचे चार मार्क कापले. का? तर आपली आहे म्हणून!

पहिला नंबर दिला पिवळ्या साडीतल्या मुलीला. इथंच थांबले असते तरी निभलं असतं हो. पण नाही! माईक हातात घेतला. "काय पाय पडते पोरीचा! धन्य तिची माय!"

तिनं ओढणी सोडली. आत पिंकी!

अख्खा मांडव खदखदला. शेजारची गंगूबाई मागून ओरडली, "काहून वं, सोतालेच धन्य म्हणून राह्यली का?"

मी विचारलं, "पिंके, तुझा घागरा कुठं गेला?"

"पायलचा टायमावर उसवला. म्हणून माहा तिले देला, अन् मी बाईंची साडी नेसली."

हिरव्या घागऱ्यातली पायल कोपऱ्यात उभी. डोळे डबडबलेले. काय करता? पुन्हा माईक घेतला आणि भर मांडवात चार मार्कांची चोरी कबूल केली. ते परत दिले, तर पायल दोन मार्कांनी पुढं! दारव्ह्याला तीच गेली.

वाटलं, आता पिंकी रडणार. कसली रडते! कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पायलच भारी नाचते, मले मालूम हाय. पण आई, तू नाच पाहून राह्यली होती का शिलाई?"

तेव्हापासून स्पर्धा जवळ आली की हेडमास्तरांचा मला आधी निरोप येतो. परीक्षक म्हणून नाही हो, घागरे शिवायला!