लुटेफिस्कचा दुसरा तुकडा

बायको लोणी कढवायला लागली, की मी आजही कॅनडातल्या हॅलिफॅक्समधल्या त्या चर्चच्या बेसमेंटमध्ये जाऊन बसतो. विंटर तोंडावर आला होता, आणि आपली खोली मला भाड्याने द्यायची की नाही, हे इंग्रिडबाई तिथल्या नॉर्वेजियन जेवणानंतर सांगणार होत्या.

ताटात लुटेफिस्क आला. जेलीसारखा थरथरणारा उकडलेला मासा, वर वितळलेलं लोणी, आणि वास थेट कपड्यांच्या साबणाचा. समोर चर्चचे पास्टर बसलेले. बाईंची नजर माझ्या तोंडावरून हलेना. घरचं वळण असं, की नावडतं आधी संपवायचं आणि पानात काही टाकायचं नाही. मी श्वास रोखून चार घासांत मासा गिळला.

"ओ, यू लव्ह इट!" म्हणत बाईंनी स्वतःच्या ताटातला तुकडाही माझ्या ताटात सरकवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पास्टरांना ते आनंदाश्रू वाटले.

खोली मिळाली. दोन वर्षांनी ती सोडताना मी बाईंना सगळं कबूल करून टाकलं. त्या खो खो हसत म्हणाल्या, "मला तरी कुठे आवडतो रे? पास्टरांसमोर टाकणार कशी? तू दुसरा तुकडा संपवलास, तेव्हाच खोली तुझी झाली!"

आणि मी समजत होतो, परीक्षा माझ्या एकट्याचीच चालली आहे.