मंडईच्या सुधारणेचा सत्कार

बर्मिंगहॅमहून लोकल ट्रेनने थोडं बाहेर पडलं की आमचं गाव लागतं. गावात कौन्सिलची एक जुनी, छप्पर असलेली मंडई होती आणि तिच्यात एका पोलिश बाईंचा भाजीचा गाळा होता. आमची त्यांची ओळख शेपूमुळे झाली. सुपरमार्केटमध्ये शेपू औषधासारखा मिळतो: प्लास्टिकच्या पाकिटात चार काड्या, माशावर शोभेला. या बाईंकडे जुडी मिळे. आम्ही मूगडाळ घालून अख्खी जुडी एका वेळी शिजवतो हे ऐकून त्यांनी माझ्या बायकोकडे जरा काळजीने पाहिलं होतं.

मग कौन्सिलने मंडईची सुधारणा काढली. सगळी इमारत एका कंपनीकडे सोपवायची, गाळे निविदा मागवून द्यायचे, मधोमध कॉफीची दुकानं. बाई म्हणाल्या, "डॉक्टर, हे नाटक मी पाहिलंय."

कम्युनिस्ट राजवट गेल्यावर त्यांच्या शहरात पहिल्यांदा खरी निवडणूक झाली. वडील लग्नातला सूट घालून मत द्यायला गेले. निवडून आलेल्या मंडळींनी सरकारी दुकानं लिलावात काढली. कुणीही यावं, बोली लावावी. त्यांची आई एक भाजीचं दुकान सांभाळत असे. ते तिच्या वरच्या पार्टीवाल्या साहेबाने घेतलं, कारण रोख पैसा त्याच्याचकडे होता.

"साहेब तोच, खुर्चीही तीच," बाई म्हणाल्या. "फक्त आता तो आईला कॉम्रेड म्हणत नव्हता."

इथला गाळा गेला तर त्यांना दुसरा धंदा नव्हता. म्हणून आमच्या महाराष्ट्र मंडळाने कौन्सिलने बोलावलेल्या जाहीर सभेत विरोध करायचं ठरवलं. सभेला हॉल आम्हीच दिला आणि तिथेच घोटाळा झाला. हॉल आमचा, म्हणजे येणारा पाहुणा; आणि पाहुणा आला की सत्कार. सुधारणेची जबाबदारी असलेले कौन्सिलर कोट काढून खुर्चीवर टेकतात न टेकतात तोच आमच्या सेक्रेटरीबाई शाल आणि नारळ घेऊन पुढे झाल्या.

"अहो, आपण यांना विरोध करणार आहोत ना?" मी हळूच विचारलं.

"विरोध नंतर, डॉक्टर. आधी रीत."

शाल अंगावर पडताच गृहस्थ रुंदावले. नारळ त्यांनी जिंकलेल्या करंडकासारखा धरला. फोटो निघाले. सेक्रेटरीबाईंनी घरून चांगलं झणझणीत भाषण लिहून आणलं होतं, पण आपणच पांघरवलेल्या शालीसमोर ते त्यांना वाचवेना. त्यांनी "आदरणीय पाहुणे" म्हणून सुरुवात केली आणि फेरविचाराची नम्र विनंती करून त्या बसल्या.

पोलिश बाई उठल्या. "आत्ताच हात वर करून मत घ्या की."

"मॅडम, हे कन्सल्टेशन आहे, मतदान नव्हे."

"मग आम्हाला विचारता कशाला?"

"आम्हाला ऐकून घ्यायला आवडतं," कौन्सिलर म्हणाले, आणि मला वाटतं ते खरंच होतं.

तो फोटो पुढे प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर आला. खाली ओळ होती: भारतीय समाजाकडून हार्दिक स्वागत. सेक्रेटरीबाईंनी तक्रारीचा ईमेल केला; प्रतिसादाबद्दल आभार, असं उत्तर आलं. पोलिश बाई चिडतील अशी मला धास्ती होती. त्या हसत सुटल्या. "आमच्याकडे टाळ्या वाजवायला माणसं बसने आणावी लागत. तुम्ही तर स्वतःहून आलात, वर फळही आणलंत!"

कौन्सिलच्या समितीच्या बैठकीला मी त्यांच्याबरोबर प्रेक्षकांत बसलो. मंडईचा विषय पार्किंग आणि कबुतरं यांच्या मध्ये होता. हात वर झाले. कडेला बसलेल्या एका वयस्कर कौन्सिलरचा हात तेवढा खाली राहिला. प्रस्ताव मंजूर, उन्हाळा संपेपर्यंत गाळा रिकामा करायचा. सांत्वनाला काय बोलावं याचा मी विचार करत होतो, तोवर बाईंनी त्या म्हाताऱ्याला पॅसेजमध्ये गाठलं होतं.

"तुम्ही विरोधात गेलात. का?"

"मी नेहमीच जातो," तो ओशाळून म्हणाला. "सवय आहे."

"चांगली सवय आहे. माझ्या लहानपणी आमच्याकडे असं कुणी केलेलं मी पाहिलं नाही." त्यांनी त्याच्याशी हात मिळवला आणि तो तसाच धरून ठेवला. "आता सांगा, तुमच्या वॉर्डात भाजीची व्हॅन उभी करायची तर परवानगी कुणाकडे मागायची?"