फिल्मवरची बरगडी

हे मी आजवर कुणापाशी काढलेलं नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुमच्यापाशी बोलता येईल.

नव्वदच्या दशकात मी सुरतेत, उधन्याच्या एका लहानशा एक्स-रे क्लिनिकमध्ये टेक्निशियन होतो. डॉक्टर संध्याकाळी यायचे, फिल्मा बघायचे, रिपोर्ट लिहून जायचे. दिवसभर मी एकटाच. घशाचा, अन्ननलिकेचा एक्स-रे असला की पेशंटला बेरियम पाजायचं – खडू कालवल्यासारखं पांढरं, जाड पाणी. मग खोलीत काळोख करायचा आणि पडद्यावर बघत राहायचं. माणूस गिळतो आणि त्याच्या छातीतून एक काळी धार खाली उतरत जाते. पेशंटचा चेहरा दिसत नाही. फक्त आतलं दिसतं. मला त्या काळोखाची कधी भीती वाटली नव्हती – तोवर.

भागवतभाऊ आमच्याच खानदेशातले. गोडादऱ्याला राहायचे, कापडाच्या लूमवर कामाला होते. छातीच्या मधोमध बोट ठेवून म्हणाले, "भाऊ, भाकर आठे आडकस." मी बेरियम पाजलं. धार उतरली, आणि त्यांनी बोट ठेवलं होतं तिथेच थांबली. वर साचत गेली. खाली जात होता तो नुसता दोऱ्याएवढा धागा, तोही वाकडातिकडा. काळोखात त्यांचा श्वास ऐकू येत होता. त्यांनी विचारलं, "दिखनं का काही?"

मी म्हणालो, "डॉक्टर सांगतील."

इथपर्यंत माझं काही चुकलं नव्हतं. पुढचं सांगताना – थांबतो जरा.

फिल्मा काढून झाल्यावर ते घरी गेले. मी डार्करूममध्ये फिल्मा धुवायला घेतल्या. बाहेर कुणीतरी हाक मारली, आणि काम पुरं व्हायच्या आधीच मी दार उघडलं. उजेड आत आला. सगळ्या फिल्मा काळ्याठिक्कर. त्याच आठवड्यात अशीच एक फिल्म वाया घालवून मी डॉक्टरांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. पुन्हा झालं तर घरी बस, असं ते म्हणाले होते. भागवतभाऊंना परत बोलावता आलं नसतं का? आलं असतं. गोडादरा काय लांब आहे?

कपाटात एक जुनी फिल्म होती. मशीन नवं आलं तेव्हा डॉक्टरांनी चाचणीसाठी मलाच बेरियम पाजून काढलेली. तिच्यावर नाव नव्हतं. मी पांढऱ्या शाईने कोपऱ्यात भागवतभाऊंचं नाव लिहिलं.

डॉक्टरांनी रिपोर्ट दिला – अन्ननलिका निरोगी. खाली आणखी एक ओळ – डाव्या बाजूला जुनी मोडून सांधलेली बरगडी.

फिल्म आणि रिपोर्ट न्यायला आलेल्या भागवतभाऊंना मी तो वाचून दाखवला. ते हसले. मग स्वतःची छाती चाचपत म्हणाले, "मी ते कधी पडनू नही. मंग हाई बरगडी कोनी?"

मी रिपोर्टची घडी घातली. "लहानपणी पडला असाल," मी म्हणालो. "आठवत नसेल."

त्यांनी मान डोलावली. माझ्यावर विश्वास होता हो त्यांचा.

आम्लपित्ताच्या गोळ्या चालू झाल्या. पुढे पाणीही उतरेना, तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे कॅन्सर निघाला, आणि वेळ निघून गेली होती. आधी कळलं असतं तर ते जगले असते का? मला माहीत नाही. पण मी पाहिलं होतं – एवढं मला माहीत आहे.

ते गेल्यावर मी भेटायला गेलो. जायला नको होतं. भर दुपारची वेळ, लूमचा खडखडाट भिंतीतून येत होता. खोलीतल्या एकुलत्या खिडकीला ती फिल्म चिकटवलेली. खाली उदबत्ती, वर झेंडूचा हार. बाहेरच्या उन्हाने ती आतून पेटल्यासारखी दिसत होती – माझी बरगडी, माझा मणका, माझा गळा. जिवंतपणी मी स्वतःच्या हार घातलेल्या फोटोसमोर उभा होतो.

भागवतभाऊंच्या पत्नी इंदूवहिनी म्हणाल्या, "तेस्ना दुसरा फोटूच नही ना, भाऊ. आते हाऊच." मग हलकेच विचारलं, "तव्हय सगळं चांगलं व्हतं ना?"

"हो," मी म्हणालो.

त्या खिडकीजवळ गेल्या. नळीच्या बाजूला कलंडलेल्या धुरकट सावलीकडे बोट करून म्हणाल्या, "हाई तेस्नं काळीज ना?"

तेव्हा तरी बोलायचं होतं. तोंडही उघडलं होतं मी. पण पुढे होऊन काचेवर बोट ठेवलं, त्या सावलीच्या कडेने फिरवलं, आणि म्हणालो, "हो वहिनी. हे त्यांचंच."

त्यांनी तिथे कपाळ टेकलं.

वहिनी अजून गोडादऱ्यातच राहतात. मी परत गेलो नाही.