व्हॅनवाले काका आणि माझी सही

परवा रामदासपेठेत सिमेंटचं एक रिकामं पोतं रस्त्याच्या मधोमध पडलेलं दिसलं. गाड्या त्याच्यावरून बिनदिक्कत जात होत्या. माझा पाय मात्र आपसूक ब्रेकवर गेला, आणि व्हॅनवाले काका आठवले.

आमच्या प्रताप नगरातली आठ मुलं ते शाळेत नेत. माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती. काका फौजेतून निवृत्त झालेले. तिथे ते ट्रक चालवत. बोलणं मोजकं, शर्ट कडक इस्त्रीचा, आणि मूल दाराच्या आत गेल्याशिवाय व्हॅन जागची हलायची नाही. अशा माणसाच्या हाती लेकरू सोपवताना आईच्या जिवाला जो निवांतपणा लाभतो, तो मी वर्षभर अनुभवला.

मग थंडीतल्या एका सकाळी त्यांना वाटेत पोतं दिसलं. त्यांनी करकचून ब्रेक दाबला, आठही मुलांना उतरवलं, रस्त्याकडेच्या खोलगट जागेत ओल्या मातीवर पालथं झोपवलं आणि त्यांच्यावर हात पसरून स्वतः आडवे झाले. मागे हॉर्न वाजत होते. कुणी हसत होतं, कुणी मोबाइलवर ते सगळं टिपत होतं. शेवटी एका भाजीवाल्याने पोतं उचलून झटकलं. आत नुसता भुसा होता.

दुपारपर्यंत तो व्हिडिओ घरोघरी पोचला. संध्याकाळी पालकांनी शाळेला अर्ज लिहिला. "पागल माणसाच्या हाती पोरं कशी द्यायची जी?" कुणीतरी म्हणालं. चिखलाने माखलेला मुलीचा गणवेश मी नुकताच भिजत घातला होता. मी सही केली.

काकांची व्हॅन बंद झाली. पंधरवड्याने, मुलीची राहिलेली पाण्याची बाटली आणायचं निमित्त करून मी त्यांच्या घरी गेले. काका मागच्या अंगणात पाठमोरे बसले होते. काकूंनीच सांगितलं, "तिकडं फौजेत यायच्या ट्रकसमोरची गाडी अशाच एका पोत्यावरून गेली अन् उडाली. बॉम्ब होता त्यात. आतमधी यायचा दोस्त होता. यायनंच उचललं त्याले."

"मग डॉक्टरांना का नाही दाखवलं?"

"हे म्हणते, हातपाय तर धड आहेत माह्ये, दाखवू काय?" काकू पदराचं टोक पिळत राहिल्या. "पोरीची सोयरीक जुळून राहिली होती वं बाई. तो व्हिडिओ पाहून पाहुण्यायनं नाही म्हटलं. तवापासून हे पोरीकडं मान वर करून पाहत नाही."

सहीचं न सांगताच मी बाटली घेऊन निघाले.

पुढे उपचार झाले, उशिरा का होईना त्यांच्या मुलीचं लग्नही झालं. काकांनी मात्र स्टिअरिंगला पुन्हा हात लावला नाही. बाजारात भेटले की हात जोडून विचारत, "बेबी कशी आहे जी?" त्या स्वरात राग असता तर मी तो सोसला असता. गेल्या वर्षी ते गेले.

परवा घरी येऊन मुलीला विचारलं, त्या सकाळी तू घाबरली होतीस का? ती आता कॉलेजात आहे.

"थोडी. पण काकाच जास्त थरथरत होते. म्हणून मी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला होता."

"हे तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंच नाहीस, आई."

आठ घरांत आठ मुलं होती, आणि आम्ही मोठी माणसं व्हिडिओ पाहून मोकळी झालो. काळ पुष्कळ गोष्टींवर माती लोटतो म्हणतात. विचारायच्या राहून गेलेल्या गोष्टी मात्र तो तशाच उघड्या ठेवतो. काकूंकडे एकदा जायला हवं, असं रोज मनात येतं. अजून गेलेले नाही.